मागचा हौद

तिला पाणी कधी आवडलं नाही. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. पोहण्यात जिंकणाऱ्या मुलीला पाणी आवडतंच, असं लोक परस्पर ठरवून टाकतात. मासोळी म्हणतात, जलपरी म्हणतात, हार घालतात आणि आपापल्या घरी जातात. ज्यांनी तिला रोज पोहताना पाहिलं ते तिला खेकडी म्हणत. ते नाव जास्त खरं होतं.

जन्मताना तिच्या मेंदूला थोडा वेळ प्राणवायू मिळाला नाही. थोडाच वेळ, पण तेवढ्यात डावी बाजू गेली. हात होता, पाय होता, पण दोघंही तिचं ऐकत नसत. हात कोपरात मुडपून छातीशी यायचा, अंगठा मुठीच्या आत अडकायचा. पायाची टाच जमिनीला लागायची नाही. गारठली की ती सगळी बाजू आवळून यायची. ऊब मिळाली की थोडी सैल पडायची. बापाने हे काही काळ पाहिलं आणि "माझ्याच्याने निभणार नाही" असं म्हणून दुसऱ्या गावात दुसरं घर मांडलं. निदान खरं बोलून गेला, असं आई म्हणायची. आईच्या तोंडून कुणाबद्दल निघालेलं हे सर्वांत चांगलं वाक्य होतं.

आई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला. ओल्या चादरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं सोबतच्या बाईच्या. दोघींनी चादर ताणून तापलेल्या रोलरच्या तोंडात द्यायची आणि बोटं वेळेवर काढून घ्यायची. वर्षानुवर्षं हे करून तिच्या मनगटांवर चकचकीत डाग पडले होते. घरी आल्यावर ती पोरीचा आखडलेला हात तसाच दोन्हीकडून ताणायची.

"आई, दुखतंय."

"दुखू दे. सरळ तर होऊ दे."

घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद असायची असं नाही, लिफ्ट नव्हतीच. आई तिला काखोटीला मारून चढवायची आणि प्रत्येक मजल्यावर थांबून कुणाला तरी शिव्या द्यायची. कधी घरमालकाला, कधी देवाला, बरेचदा पोरीला.

हॉस्पिटलच्या तळघरात कोमट पाण्याचा एक लहान तलाव होता. व्यायाम करून घेणाऱ्या बाईने सांगितलं, पाण्यात सोडा, अंग मोकळं होईल. आईने सोडलं. पोरगी बुडाली, वर आली, पुन्हा बुडाली, आणि तिसऱ्यांदा इतक्या रागाने वर आली की तशीच काठापर्यंत पोहोचली. काठावर एक माणूस गुडघा शेकायला बसला होता. गळ्यात शिट्टी.

तो शहरातल्या मोठ्या तलावावर पोहणं शिकवायचा. तोंडावर सगळे त्याला सर म्हणत, पाठीमागे शिट्टी. तरुणपणी स्वतः स्पर्धांत उतरायचा आणि चौथा यायचा. चौथ्याला फोटोत जागा नसते. ही गोष्ट तो विसरला नव्हता आणि हाताखालच्या पोरांनाही विसरू देत नव्हता.

"हिला मला द्या," तो आईला म्हणाला.

"घेऊन काय करणार? लोणचं घालणार?"

"पदक आणेल."

"पदक उकळून खाता येतं का?"

"घर मिळतं," शिट्टी म्हणाला. "क्रीडा खात्याचं. तळमजल्याला."

आईने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. सौदा तिथेच झाला. पोरीला कुणी विचारलं नाही. ती थंडी वाजत असल्यामुळे टॉवेल शोधत होती.

मोठ्या तलावावर ती तिरकी पोहायची. उजवा हात ओढायचा, डावा नुसता सोबत यायचा, त्यामुळे अंग दोन गल्ल्यांमधल्या दोरीकडे जायचं. शिट्टी काठावरून ओरडायचा, "अगं खेकडे, पलीकडच्या गल्लीत कुणाकडे पाहुणी चाललीयस? सरळ ये!" पोरं हसायची. तीही मनातल्या मनात दात विचकायची. "हात मार! तो नव्हे, दुसरा. तो तर जेवायलाही उठत नाही." त्याने तिला कधी शाबासकी दिली नाही. ती चांगली पोहली की तो पाठ फिरवायचा. ती पाठ मिळवण्यासाठी तिने कितीतरी सकाळी अंग पिळून काढलं.

अपंगांच्या स्पर्धांत उतरण्याआधी शरीराची प्रतवारी लावतात. तपासनीस बाकावर झोपवतात, एकेक सांधा वाकवून बघतात, हाताला हात लावून "ढकल" म्हणतात. मग पाण्यात सोडून पाहतात. ज्याचं शरीर जितकं कमी चालतं त्याचा वर्ग तितका खालचा, आणि त्याची शर्यत आपल्यासारख्याच शरीरांशी. वर्ग चुकीचा लागला तर शर्यत पाण्यात उतरण्याआधीच जिंकलेली असते, किंवा हरलेली. म्हणून पदकापेक्षा वर्गावरून भांडणं जास्त.

ती बारा वर्षांची असताना तिची पहिली तपासणी झाली. त्या सकाळी शिट्टीने तिला तलावाच्या मागच्या बाजूच्या हौदावर नेलं. आग लागली तर बंबांसाठी म्हणून तिथे पाणी साठवलेलं असायचं. उघड्यावरचं, हिरवं, हिवाळ्यात हाडं फोडणारं.

"उतर."

"इथे?"

"भीती मोडायचीय तुझी. तपासणीत रडलीस तर?"

ती उतरली. ओठ निळे पडेपर्यंत त्याने तिला बाहेर येऊ दिलं नाही. मग ओल्या केसांनिशी गाडीत बसवलं. आई पुढच्या सीटवर होती. तिने खिडकीची काच खाली केली आणि संपूर्ण रस्ताभर खालीच ठेवली. तपासणीच्या बाकावर पोरीचा डावा हात लाकडासारखा झाला होता. तपासणाऱ्या डॉक्टरांना तो छातीपासून हलवता येईना. पण ती रडली नाही. वर्ग लागला. बाहेर आल्यावर शिट्टीने आयुष्यात पहिल्यांदा तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिला वाटलं, हे न रडल्याबद्दल.

त्यानंतर ती जिंकत गेली. राज्यात, मग देशात, मग बाहेर. व्यासपीठावर पुढारी तिला दिव्यांग कन्या म्हणत आणि खाली उतरताना त्यांचे सोबती एकमेकांना म्हणत, त्या लुळीला आधी जाऊ दे रे. तळमजल्याचं घर मिळालं. दोन खोल्या, मागे नळ, तलाव हाकेच्या अंतरावर. आई पहिल्या दिवशी दारातून आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. उंबरठा ओलांडायला कुणालाही उचलावं लागत नव्हतं.

दुसरा नंबर नेहमी बगळीचा. एक पाय मांडीपासून नाही, कंबरही त्या बाजूने अधू. काठावर एका पायावर उभी राहायची म्हणून बगळी. उंच, गोरी, जिभेची धारदार. दोघी एकमेकींना पाण्यात पाहत.

"आज तरी सरळ पोहशील ना?" बगळी विचारायची.

"तुझ्यापुढे आडवी आले तरी तू मागेच राहशील."

"माझा पाय गाडीखाली गेला, गं. तुझा हात कशाखाली गेला? आळसाखाली?"

असं रोज. त्यांच्यात मैत्री नव्हती आणि पुढेही झाली नाही. पण खेकडी पाणी कापत असताना तिला मागून येणाऱ्या फक्त त्या एकाच अंगाची जाणीव असायची, आणि ते अंग जवळ आलं की तिच्या उजव्या हातात कुठूनतरी जोर यायचा.

घोटाळा तिनेच केला. एका शाळेत सत्कार होता, बगळीचाही होता. माइक हातात दिला आणि म्हणाले, मुलांना स्फूर्ती मिळेल असं काहीतरी सांग. तिला बोलता येत नसे. तिच्याकडे अभिमानाने सांगावी अशी एकच गोष्ट होती.

"माझ्या पहिल्या तपासणीच्या दिवशी," ती म्हणाली, "सरांनी मला बर्फासारख्या गार हौदात पोहायला लावलं. हात आखडून दगड झाला होता. पण मी रडले नाही. असे कठोर गुरू मिळाले म्हणून मी घडले."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनीही. पहिल्या रांगेत शिट्टीने टाळीसाठी उचललेले हात मांडीवर ठेवले. बगळी टाळ्या वाजवत नव्हती. ती आपल्या बापाकडे बघत होती, आणि बाप खेकडीकडे.

आठवडा उलटायच्या आत तक्रार गेली. खेकडीची फेरतपासणी ठरली.

कपडे बदलायच्या खोलीत बगळी कृत्रिम पाय काढून बाकावर बसली होती.

"तुझ्या बापाला हरणं झेपत नाही का गं?" खेकडीने विचारलं.

"तुला खरंच कळलं नाही?" बगळीने कृत्रिम पाय बाजूला ठेवला. "मला वाटलं होतं तू बेरकी आहेस. तू तर मठ्ठ निघालीस."

"काय कळलं नाही?"

"तपासणीआधी गार पाण्यात का बुडवतात ते. अंग आखडतं. आखडलं की आहे त्यापेक्षा लुळं दिसतं. लुळं दिसलं की वर्ग खालचा लागतो. या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि तू माइकवरून सांगतेस! वर गुरूची आरती!"

खेकडीने पोहायची टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. एका हाताने ती घालायला तिला नेहमीच वेळ लागायचा.

संध्याकाळी आई मागच्या नळावर भांडी घासत होती.

"आई, त्या दिवशी गाडीची काच कुणी उघडली होती?"

आईचा हात थांबला नाही. "कुठल्या दिवशी?"

"तुला माहितीये कुठल्या."

"मी उघडली. सरांनी सांगितलं म्हणून."

"का सांगितलं ते माहीत होतं?"

"होतं."

"मला नाही सांगितलंस."

"सांगितलं असतं तर उतरली असतीस का हौदात?"

"नाही."

"म्हणून नाही सांगितलं." आईने पातेलं उपडं ठेवलं. "माझ्या पाठीचा कणा विचार एकदा, चौथा मजला काय असतो ते. मोठी आली खरं-खोटं करणारी. हात तुझा लुळा आहे की नाही? मग! थोडा जास्त दाखवला म्हणून काय आभाळ कोसळलं?"

"मी जिंकले होते असं मला वाटत होतं."

"जिंकलीच होतीस. पदकं काय मी विणली?"

फेरतपासणीच्या आदल्या दिवशी शिट्टीने तिला बाजूला घेतलं. हसत होता. "उद्या लवकर ये. मागच्या हौदावर. आता तू शहाणी झालीस, तेव्हा भीतीबितीची गोष्ट नको. वरच्या वर्गात गेलीस तर शेवटून पहिली येशील. घर जाईल. आणि तोंड उघडलंस तर माझं जाईल, पण तुझं आधी जाईल. एकूण एक पदक. कळलं?"

"कळलं," ती म्हणाली.

सकाळी ती हौदावर गेली नाही. बायकांच्या न्हाणीघरात जाऊन तिने आतून कडी लावली आणि गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला. पाणी सोसवेना तरी ती त्याखाली उभी राहिली. पाठ लाल झाली. डावी मूठ हळूहळू सुटली, अंगठा बाहेर आला, कोपर छातीपासून थोडं दूर गेलं. तिने तो हात उजव्या हाताने धरून पुन्हा पुन्हा पाण्याखाली ताणला, आई ताणायची तसा, निर्दयपणे.

दारावर थापा पडू लागल्या.

"खेकडे! बाहेर ये! काय चाललंय?"

"आंघोळ!"

"मूर्ख मुली, सगळं घालवशील! बंद कर ते पाणी!"

"आत या आणि करा बंद!" ती ओरडली. बाहेर स्वच्छता करणारी बाई हसली आणि म्हणाली, "सर, हे बायकांचं आहे बरं का." थापा थांबल्या.

तपासणीची खोली साधी होती. एक बाक, भिंतीवर स्नायूंचं चित्र, दोन तपासनीस. एक वयस्कर डॉक्टरीणबाई आणि एक टक्कल पडलेला गृहस्थ. शिट्टी दाराजवळच्या खुर्चीवर बसला. बाईंनी हात हातात घेतला, वाकवला, सरळ केला. "ढकल." खेकडीने ढकललं. बाईंचा हात मागे गेला. त्यांनी दुसऱ्या गृहस्थाकडे पाहिलं. पाय तपासला. मग पाण्यात नेलं, आणि तिथे ती आयुष्यात पोहली नव्हती इतकं चांगलं पोहली. काही राखून ठेवलं नाही. डावा हात पाण्यात थोडा का होईना पण ओढत होता, आणि ती जवळजवळ सरळ जात होती.

"मागच्या नोंदीपेक्षा फारच फरक आहे," बाई परत खोलीत आल्यावर म्हणाल्या. "वर्ग वर जाणार, हे उघड आहे. पण एवढी सुधारणा कशी?"

खेकडी शिट्टीकडे बघत होती. या क्षणासाठीच ती त्या पाण्याखाली भाजत उभी राहिली होती. त्याचा चेहरा पडलेला तिला पाहायचा होता.

शिट्टी उठला. त्याने बाईंना नमस्कार केला आणि चेहऱ्यावर हसू आणलं. ते छान हसू होतं.

"मेहनत, डॉक्टर. तीन-चार वर्षं या हातावर मी जीव ओतलाय. ज्या मुलीचा हात हलत नव्हता ती आज सरळ पोहते. वर्ग वर गेला, पदक गेलं, जाऊ दे. माझ्यासाठी हेच पदक."

टक्कलवाले गृहस्थ हेलावले. "असे प्रशिक्षक विरळा," ते म्हणाले. बाईंनीही मान डोलावली. तक्रार मिटत होती. जुनी पदकं जुन्या वर्गात राहणार होती, घरही काही काळ राहिलं असतं, आणि पुढच्या सत्कारात हा माणूस मधल्या खुर्चीत बसून हात बरा केल्याची गोष्ट सांगणार होता.

तिला सत्याची ओढ लागली होती असं नाही. तिला ते हसू सहन झालं नाही.

"हात तेव्हाही असाच होता," ती म्हणाली. "गरम केला की सुटतो. पहिल्या तपासणीच्या सकाळी यांनी मला मागच्या हौदात बुडवून आणलं होतं. आजही बुडवणार होते. मी कडी लावून घेतली."

"घाबरलीय ती," शिट्टी पटकन म्हणाला. "वर्ग वाढला म्हणून—"

"मी घाबरलेली दिसते का?" तिने बाईंना विचारलं.

बाईंनी तिचा हात अजून धरला होता. त्यांनी तो हळूच बाकावर ठेवला. "हे तू सांगतेयस म्हणजे मागचे निकाल रद्द होतील. सगळे. तुला माहीत आहे?"

"माहीत आहे."

"लहान होतीस, तुझा दोष नाही, असं आम्ही म्हणू. पण पदकं परत द्यावी लागतील."

"न्या."

शिट्टीला आयुष्यभरासाठी काढून टाकलं. तलावावर त्याच्या जागी दुसरा आला, त्याच्याही गळ्यात शिट्टी होती. पोरं खेकडीशी बोलेनाशी झाली. ज्याने त्यांनाही शिकवलं होतं त्याला हिने खाल्लं, असं त्यांचं म्हणणं. वर्तमानपत्रांनी दोन दिवस तिला फसवी म्हटलं, तिसऱ्या दिवशी शूर म्हटलं, चौथ्या दिवशी विसरून टाकलं. पुढाऱ्यांपैकी कुणी ओळख दाखवली नाही.

सुवर्णपदकं बगळीच्या घरी गेली. दुसऱ्याच दिवशी बगळी कुबड्या आपटत खेकडीच्या गल्लीच्या, म्हणजे पाण्यातल्या गल्लीच्या, काठाशी येऊन उभी राहिली.

"वर ये!"

खेकडीने मान वर काढली. "काय हवंय? मिळाली ना सगळी?"

"मला ती नको होती! मला तुला मागे टाकायचं होतं. या मोसमात टाकलंच असतं. मी जवळ आले होते, माहितीये तुला!"

"माहितीये."

"आणि तू वरच्या वर्गात पळून गेलीस. आता मी कुणाला हरवू? त्या बाकीच्या बाहुल्यांना?" बगळीचा आवाज फाटला. "पळपुटी कुठली!"

"तक्रार तुझ्या बापाने केली."

"बापाने केली, मी नाही!" ती म्हणाली आणि थुंकली, पाण्यात. नव्या प्रशिक्षकाने शिट्टी मारली. बगळी निघून गेली. त्यानंतर त्या एकाच शर्यतीत कधी उतरल्या नाहीत.

घर गेलं. नोटीस आली, माणसं आली, सामान रस्त्यावर आलं. जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावरचीच एक खोली मिळाली. आधीची नव्हे, तिच्या समोरची. आता आईला तिला उचलता येत नव्हतं आणि तिनेही उचलू दिलं नसतं. कठड्याला धरून, टाच न टेकवता, ती स्वतः चढायची. आई पुढे चढायची, मागे वळून न बघता. आईने तिच्याशी बोलणं टाकलं. ताट पुढे ढकलायची, दिवा बंद करायची, आणि सकाळी रोलरवर जायची. हात ताणून देणं मात्र तिने थांबवलं नाही. संध्याकाळी न बोलता बसायची, कोपर धरायची आणि ओढायची. आधीपेक्षा जोराने.

खेकडी वरच्या वर्गात पोहू लागली. तिथे सगळ्या तिच्यापेक्षा धडधाकट होत्या आणि त्यांना तिची कथा माहीत होती. सुरुवातीच्या ठोकळ्यावर शेजारची मुलगी कुजबुजायची, "आज कुठल्या पाण्यातून आलीस? गार की गरम?" खेकडी टोपी कानांवर ओढून घ्यायची. पहिल्या वर्षी ती प्रत्येक शर्यतीत शेवटची आली. प्रेक्षक दयेने टाळ्या वाजवत, आणि त्या टाळ्या तिला शिव्यांपेक्षा जास्त लागत. तरी ती पुन्हा उतरायची. का, ते कुणाला कळत नसे. पाणी तिला आवडत नव्हतंच. पण आता तिच्या आणि पाण्याच्या मध्ये कुणी नव्हतं, जे काही व्हायचं ते त्या दोघांतच होत होतं.

दुसऱ्या वर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धेला आई आली. कुणी बोलावलं नव्हतं. लॉन्ड्रीतली पाळी संपवून, एप्रन न काढता, ती वरच्या रांगेत एकटी बसली. खेकडी त्या दिवशी पाचवी आली. आठ जणींत पाचवी. तिने मागे टाकलेल्या तिघींपैकी एकीने पाण्यातच तिला ऐकू जाईल असं "खोटारडी" म्हटलं.

ती कपडे बदलून बाहेर आली तेव्हा आई दाराशी उभी होती. वर्ष-सव्वा वर्षात आई पहिल्यांदा बोलली.

"पाचवी."

"हो."

"फोटोतसुद्धा नाही."

"नाही."

आईने तिच्या हातातली ओली पिशवी ओढून घेतली आणि चालू लागली. काही पावलांवर ती थांबली, मागे न वळता म्हणाली, "पहिली यायचीस."

"ती मी नव्हते," पोरगी म्हणाली.

आई तशीच उभी राहिली. पाठीवरून काही कळत नव्हतं. मग तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि बस आली म्हणून झपाझप पुढे गेली; आणि पोरगी तिच्या मागून, आपल्या तिरक्या चालीने, कुणाचाही हात न धरता बसमध्ये चढली. बसायला एकच जागा होती. आईने ती घेतली.